मुकादमाचा गुडघा

योगिनी : थांबा, थांबा. आधी ते पायाला काळं काय बांधलंय ते सांगा.

भागीबाई : रबर. तूच सांगितलं व्हतं ना, रबर ओढ म्हणून?

योगिनी : मी व्यायामाचा पट्टा दिला होता, मावशी. पिवळा, पातळ, वीतभर रुंद. हा तो नाही.

अमित : सायकलची ट्यूब आहे, मॅडम. उभी चिरून घेतलीय. मी नको म्हणत होतो.

भागीबाई : तू कायम नकोच म्हणत असतो.

योगिनी : पिवळा पट्टा कुठे गेला?

भागीबाई : सटाण्याला.

योगिनी : सटाण्याला?

भागीबाई : द्राक्षाच्या बागंत. तुकडे करून तारेला बांधलाय.

योगिनी : मला काही कळत नाहीये. अमित, तुम्ही सांगा.

अमित : आई बागांच्या कामाला जाते, मॅडम. आमच्या पेठ तालुक्यातून बायांची टोळी निघते, हिच्याबरोबर. यंदा हिचं ऑपरेशन झालं, म्हणून टोळी दुसऱ्या माणसाबरोबर सटाण्याला गेली. तिकडच्या बागा लवकर असतात. जाण्याआधी टोळीतल्या ठमाबाई हिला भेटायला आल्या. खुंटीला पट्टा लटकत होता...

भागीबाई : ठमी काय चोर नाय. वेलीच्या काड्या तारेला बांधायला शेतकरी असंच रबराचं बंडल देतो. तिला वाटलं, गेल्या सालचं उरलंय माझ्याकडं. कात्रीनं बारीक पट्ट्या काढल्या तिनं. वर फोन करून सांगते कशी, "भागे, तुझं रबर लय गुणाचं, काडीला कळ पण येत नाय."

योगिनी : अहो, मग फोन करायचा ना मला. दुसरा दिला असता.

भागीबाई : फोन ह्याच्याकडं. हा म्हणे, पट्टा नसंल तर नसू दे, आराम कर. दोन दिवस केला आराम. तिसऱ्या दिवशी वॉकर घेतला आन् गेले पंक्चरवाल्याकडं.

अमित : एकटी. सध्या ती माझ्याकडे सातपूरला असते, तिथल्या त्या रस्त्यावरून. मी कंपनीत होतो.

योगिनी : बरं, सोडा ती ट्यूब. पाय इकडे करा. हे काय? घोट्याजवळ साल निघालंय.

भागीबाई : घासलं थोडं. हळद लावली.

योगिनी : मावशी, नव्या गुडघ्याला सगळ्यात मोठी भीती कशाची, मी सांगितलं होतं. जंतूंची. पायावरच्या एवढ्याशा जखमेतून आत गेले, तर थेट त्या सांध्यात जाऊन बसतात. मग बसवलेला सांधा काढावा लागतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

भागीबाई : असं कधी सांगितलं?

योगिनी : घरी सोडलं त्या दिवशी. कागदावर लिहूनही दिलंय.

भागीबाई : कागद मला वाचता येतो का?

योगिनी : अमितने वाचून दाखवायचा.

अमित : दाखवला होता. ट्यूबचं त्यात काही नव्हतं.

योगिनी : ट्यूब बांधतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ही जखम आत्ता ड्रेसिंगला जाईल, आणि परत हळद लावायची नाही. आता सांगा, दिवसातून किती वेळा करत होता?

भागीबाई : सकाळी एक ओळ, संध्याकाळी एक ओळ.

योगिनी : ओळ म्हणजे?

भागीबाई : वेलींची ओळ. आमच्या दिंडोरीच्या बागंत एका ओळीला साठ वेली. मी खुर्चीत बसते, डोळे मिटते आन् एका वेलीला एकदा पाय उचलते. ओळ संपली का पाणी पिते.

योगिनी : साठ? मी दहा सांगितले होते!

भागीबाई : दहा वेलींची ओळ कुठं असते?

योगिनी : आणि दुखलं तर?

भागीबाई : दुखलं तर दुखलं. ओळ मधी सोडायची नसते.

अमित : पाय सुजून कलिंगड झाला होता, मॅडम. तीन दिवस.

भागीबाई : दोन.

योगिनी : ऐका माझं. मी दहा म्हटलं की दहा. नऊ नाही, अकरा नाही. अकरावा करावासा वाटला तर आधी मला विचारायचं. हा तुमच्या हिमतीचा पेपर नाहीये. आत स्नायू शिवलेत, त्यांना त्यांच्या वेगानेच ताकद येणार.

भागीबाई : बोल, बोल. मी बायांशी अशीच बोलते. मला राग नाय येत.

योगिनी : झोपा पाठीवर. टाच पलंगावरून घासत मागे घ्या. अजून. अजून थोडी. धरा तिथे. एकशे... बारा डिग्री.

अमित : चांगलं आहे का?

योगिनी : मागच्या वेळी शहाऐंशी होते. चांगलं आहे.

भागीबाई : बघ. ट्यूबच्या नावानं बोंबलत होतास.

योगिनी : ट्यूबला शाबासकी देऊ नका. सुजेचे दिवस वाया गेले नसते तर अजून पाच-सहा डिग्री मिळाले असते. उठा, या खुर्चीत बसा. हा लाल पट्टा, पिवळ्याच्या पुढचा. एक टोक खुर्चीच्या पायाला, एक घोट्याच्या वर, जखम सोडून. आता पाय सरळ करा. हं. आणि सोडताना हळू. मी पाच मोजेपर्यंत.

भागीबाई : सोडताना कशाला मोजायचं? ओढायचं तर काम हाय.

योगिनी : सोडायचंच काम आहे. पट्टा तुमचा पाय खेचतो, तुम्ही त्याला खेचू द्यायचं नाही. तुमच्या मर्जीने खाली आणायचा. एक, दोन, तीन... पडला. पुन्हा.

भागीबाई : हा तर ट्यूबपेक्षा हलका हाय. मग पाय का थरथरतो?

योगिनी : कारण ट्यूब तुम्ही पायाने ओढतच नव्हता. कमरेने झटका देत होता. अकरा आठवड्यांत मांडीला आज पहिल्यांदा काम लागलंय. चार... पाच. हा बरोबर. अजून तीन.

भागीबाई : तीन नाय, पाच उरलेत. मला मोजता येतं.

योगिनी : मग मोजा.

भागीबाई : ...नऊ. दहा. झालं? आता चिठ्ठी दे.

योगिनी : कसली चिठ्ठी?

भागीबाई : कामावर जायची. सोमवारी टोळी निघते, दिंडोरीला. शेखरभाऊच्या बागंत छाटणी लागली.

योगिनी : मावशी, अहो, काय बोलताय? अकरा आठवडे झालेत. शेतमजुरीसाठी चिठ्ठी मी देऊ शकत नाही. तीन महिन्यांनंतरही उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, ओझं उचलायचं नाही. सही ऑपरेशन करणाऱ्या सरांची असते. माझा अहवाल बघून ते सही करतात, आणि मी असा अहवाल लिहिणार नाही.

अमित : ऐकलंस? मी काय वेगळं सांगत होतो?

भागीबाई : मी ओझं उचलायला चालले नाय. मी मुकादम हाय, पोरी. सोळा वर्षं. तीस बायांना ओळी वाटून द्यायच्या, त्यांच्या मागून फिरायचं, काडी कुठं कापली ते बघायचं. मालकाशी भांडायचं ते मी.

योगिनी : दोन-तीन महिने दुसरं कुणी करू शकत नाही का हे?

भागीबाई : केलं ना दुसऱ्यानं. सटाण्याला. फवारणीचा ट्रॅक्टर ओळीत घातला, आन् बाया आत. बाया बाहेर निघाल्या तर म्हणतो, काम थांबवायचं नाय, पदर लावा तोंडाला. ठमी दोन दिवस वांत्या करत पडली. डोळे उघडत नव्हती. माझ्या टोळीत नेम हाय. ट्रॅक्टरचा आवाज आला का बाया बाहेर. मालक लाल होऊ दे नायतर पिवळा.

योगिनी : त्या नव्या माणसाला हा नेम माहीत नव्हता?

भागीबाई : माहीत व्हता. ठमीनंच सांगितला त्याला. तो म्हणला, नेम करणारी खाटेवर पडलीय. सोमवारी मी नसले तर परत तोच येणार. ठमी फोनवर म्हणते, "भागे, तू नसली तर मी नाय जात." पण जाणार ती. न जाऊन करंल काय?

योगिनी : आणि मालकाला चिठ्ठी हवीय?

भागीबाई : चिठ्ठी नसंल तर पिकअपमधी बसू नका, म्हणला. ऐक माझं. आठ सालं ह्या गुडघ्यात हाडावर हाड घासत व्हतं. कर्र आवाज यायचा, शेजारच्या ओळीतल्या बाया हसायच्या. त्या आठ सालांत एक दिवस कुणी चिठ्ठी मागितली नाय. आता नवा बसवला, तर चिठ्ठी पाह्यजे.

योगिनी : एका अर्थी चांगलं आहे. मालक सहसा विचारत नाहीत.

भागीबाई : मला पण तेच नवल. फोनवर मला म्हणला, "काकू, फिटनेस लागंल." फिटनेस! शेखरभाऊ बैलाला पण असं बोलत नाय. हा शब्द कंपनीतला हाय. कुठली कंपनी ते मला माहीत हाय.

अमित : माझ्याकडे काय बघतेस?

भागीबाई : तुझ्याकडंच बघते.

अमित : हो. मीच सांगितलं त्याला. झालं? म्हटलं, डॉक्टरांच्या फिटनेसशिवाय घेऊ नका. मला माहीत होतं, मॅडम देणार नाहीत.

भागीबाई : स्वतः आडवं यायची छाती नाय, म्हणून डॉक्टरला आडवं घालतो.

अमित : तुला आडवं येऊन कुणाचं चाललंय आजवर? मॅडम, गेल्या वर्षी हिला पिकअपमधून उतरवायला चार बाया लागायच्या. बागेत मांडवाचा खांब धरून उभी राहायची. दोनदा चक्कर येऊन पडली. का, माहितीये? दिवसभर पाणीच प्यायची नाही.

भागीबाई : अमित, गप.

अमित : का नाही प्यायची? तर बागेच्या कडेला उकिडवं बसायला जमत नव्हतं. बसली की उठता येईना. मग पाणीच बंद. ठमाबाईंनी सांगितलं मला. आईने एका शब्दाने नाही.

भागीबाई : पोरानं बोलायची गोष्ट हाय का ही? परक्या पोरीसमोर?

योगिनी : मी परकी नाही, मावशी. माझ्यासमोर बायका रोज हेच सांगतात, फक्त दहा मिनिटं फिरवून फिरवून. खरं आहे का हे?

भागीबाई : माझंच कशाला? कुणीच पीत नाय. तीस बाया. आडोसा हाय कुठं? बांधावर जायचं तर रस्ता, पलीकडं कांद्याच्या शेतात गडी. शेखरभाऊच्या घरात संडास हाय, त्याला कुलूप. तीन सालं मागते. एक पत्रा लाव, एक खड्डा मार. म्हणतो, बघू, काकू.

अमित : म्हणूनच म्हणतो, नको जाऊ.

भागीबाई : मी नाय गेले तर पत्रा लागणार हाय का? बोल ना.

अमित : माझ्या आईचा पाय मला पाहिजे. पत्र्याचं मी काय करू?

योगिनी : दोघं एक मिनिट थांबा. मावशी, "कामासाठी फिट" असं मी लिहू शकत नाही. ते खोटं होईल, आणि खोटं लिहिलेलं सर पहिल्या ओळीत पकडतात.

भागीबाई : मग खरं काय लिहू शकते?

योगिनी : तुम्हाला काय चालेल आणि काय चालणार नाही, एवढं.

भागीबाई : मग तेच लिही. चालणार नाय ते आधी लिही.

योगिनी : म्हणजे?

भागीबाई : शेखरभाऊनं चिठ्ठी मागितली ना? मग चिठ्ठीत असंल तसं त्याला करायला नको? उकिडवं बसायचं नाय, हे तूच म्हणली आत्ता.

योगिनी : हो.

भागीबाई : मग बसायचं कशावर ते लिही.

योगिनी : कमोडची खुर्ची मिळते, चार पायांची.

भागीबाई : उघड्यावर ठेवायची का ती? बांधावर, राणीच्या सिंहासनासारखी?

योगिनी : ...नाही. आडोसा लागेल. बंदिस्त. आणि धरायला दांडी. हे मी लिहू शकते. खरं तर हे मी घरच्यासाठी प्रत्येकाला लिहूनच देते.

अमित : आई, तू काय करतेयस?

भागीबाई : तुझीच चिठ्ठी भरून घेते. पुढं. फवारणी.

योगिनी : नाही, मावशी. फवारणीचा आणि गुडघ्याचा संबंध नाही. ते माझ्या विषयात येत नाही.

भागीबाई : ट्रॅक्टर ओळीतून गेला का जमीन ओली होती. काळी माती. चिखल चपलेला धरतो. पाय घसरंल का नाय?

योगिनी : घसरेल.

भागीबाई : पडले तर नव्या गुडघ्याचं काय होईल?

योगिनी : आजूबाजूचं हाड मोडू शकतं. आणि ते जोडणं फार अवघड असतं. ठीक आहे. "ओल्या, निसरड्या जमिनीवर उभं राहू नये, चालू नये. ओळीत फवारणी सुरू होण्याआधी बाहेर यावं, जमीन सुकेपर्यंत आत जाऊ नये." यातला एक शब्दही खोटा नाही.

अमित : पण हे तिच्या एकटीपुरतं झालं, मॅडम. शेखर म्हणेल, काकूंनी जाऊन बसावं बाहेर, बाकीच्या बाया आत राहतील.

भागीबाई : मुकादम बाहेर आन् टोळी आत? मग काडी कोण तपासणार? चुकीची काडी कापली तर शेखरभाऊचं साल जातं. तपासणी नसंल तर बायांना तोच बाहेर काढंल. घाबरट हाय तो बागंच्या बाबतीत.

अमित : ...ते खरं आहे.

योगिनी : माझ्याही अटी आहेत. आधी पायरी. ती जमली नाही तर यातलं काहीच लिहिणार नाही. हा स्टूल. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

(स्टूल सरकल्याचा आवाज.)

योगिनी : चढलात. आता उतरा. नाही! डावा आधी, डावा! धरा मला. म्हणूनच सांगते. पुन्हा.

अमित : राहू दे, आई.

भागीबाई : हात काढ. पोरी, तू पण. डावा आधी... हा. परत करते. डावा आधी. झालं.

योगिनी : झालं. पण पिकअपचं फळकं याच्या दुप्पट उंच असतं.

भागीबाई : क्रेट उलटा घालीन. द्राक्षाचे क्रेट ढिगानं असतात.

योगिनी : प्लास्टिकचा क्रेट सरकतो. दोन पायऱ्यांची घट्ट घोडी लागेल, आणि वरून एकीने हात द्यायचा. लिहिते. अजून एक. तासभर उभं राहिलं की दहा मिनिटं उंच खुर्चीत, पाय लांब करून. आणि पाणी. पाणी बंद केलं तर मी स्वतः दिंडोरीला येईन.

भागीबाई : ये. ओळ देते तुला एक.

योगिनी : लाल पट्टा न्या. दहा वेळा, दिवसातून तीनदा, सोडताना पाच मोजून. पंधरा दिवसांनी इथे दाखवायला यायचं. आला नाहीत तर मी मालकांना फोन करून चिठ्ठी रद्द झाल्याचं सांगेन. आणि हा पट्टा वेलींचा नाही, हे ठमाबाईंना नीट सांगा.

भागीबाई : पंधरा दिवसांनी कशी येऊ? कोण आणणार?

अमित : मी आणेन.

भागीबाई : तू? कंपनी?

अमित : रविवारी सुट्टी असते मला.

योगिनी : रविवारी हा विभाग बंद असतो.

अमित : मग शनिवारी हाफ डे टाकीन. मोटारसायकलवर नाही, गाडी करून आणेन. पण, आई, शेखरने यातली एक जरी गोष्ट केली नाही, खुर्ची नाही, आडोसा नाही, तर त्याच दिवशी परत निघायचं. मला फोन करायचा. कबूल?

भागीबाई : एकटी नाय निघायची मी.

अमित : माहितीये. कितीजणी निघाल?

भागीबाई : एकतीस.

अमित : मग पिकअपच पाठवावा लागेल.

योगिनी : हसू नका दोघं, मला लिहू द्या. चार वाजता सर ऑपरेशन थिएटरमधून येतात, तेव्हा सही होईल. वरची माहिती भरते. नाव भागीबाई, वय एकोणसाठ, डावा गुडघा. व्यवसाय... जुन्या केसपेपरवर "गृहिणी" दिसतंय.

अमित : ऑपरेशनच्या वेळी मी भरलं होतं. घाईत.

योगिनी : तेच ठेवू?

भागीबाई : मला काय विचारते? ज्यानं भरलं त्याला विचार.

अमित : मुकादम.

भागीबाई : मोठ्यानं सांग. पंखा वाजतोय.